आधी प्रीती, मग ‘विकून टाक’ : मार्कचा दहावा अध्याय आणि आमची वाडी

बावखल

उपवासकाळ (ईस्टरआधीचे चाळीस दिवस) लागला की आमच्याकडे वसईत तो श्रीमंत माणूस कुठल्या ना कुठल्या प्रवचनात येतोच. बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात तो धावत येतो, येशूपुढे गुडघे टेकतो आणि विचारतो, सार्वकालिक जीवन मिळवायचं तर काय करू? येशू त्याला आज्ञांची आठवण करून देतो. तो म्हणतो, हे सगळं मी लहानपणापासून पाळत आलोय. मग येशू म्हणतो, एक गोष्ट राहिली. जा, असेल नसेल ते विक, गोरगरिबांना दे आणि माझ्यामागे ये. त्याचं तोंड उतरतं आणि तो निघून जातो, कारण मालमत्ता भरपूर होती.

ही गोष्ट मत्तय आणि लूकही सांगतात. पण मार्कने मध्ये एक गोष्ट नोंदवली आहे, ती त्या दोघांकडे नाही. ‘विक’ म्हणण्याआधी येशूने त्याच्याकडे निरखून पाहिलं आणि त्याच्यावर प्रीती केली. यातला क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. प्रीती आधी झाली. ती काही सोडल्याचं बक्षीस नव्हे. तो न सोडता निघून गेला तेव्हा येशूने प्रीती परत घेतली असंही कुठे लिहिलेलं नाही. योहानाच्या पहिल्या पत्रात हेच सरळ सांगितलंय: आपण प्रीती करतो कारण पहिल्यांदा त्याने आपल्यावर केली. पण प्रवचनात नेहमी दुसरा भागच मोठ्याने ऐकू येतो. सोडा, सोडा, मोह सोडा.

आता धाग्याचं खरं कारण. वडील गेले. मागे वाडी आहे. राजेळीच्या केळी, थोड्या पानवेली, कोपऱ्यात जुनं बावखल, म्हणजे वाडीतलं छोटं तळं. उन्हाळ्यात सगळ्या आळीच्या विहिरी तळाला जातात, तरी त्यात पाणी असतं. धाकटा भाऊ म्हणतो, विकू. बिल्डर तयार आहे, बावखल बुजवायची परवानगी ‘तो बघून घेईल’. मी नाही म्हणतोय. तर भाऊ मलाच सुनावतो, “रिट्रीटमध्ये (साधना शिबिरात) फादर काय म्हणाले? मातीचा मोह सोड.” आणि हे म्हणताना त्याच्या शर्टाच्या खिशातून बिल्डरचं कार्ड डोकावतंय!

हसू येतं, पण प्रश्न खराच आहे. वाडी न विकणं ही माझी आसक्ती आहे का? देवाची प्रीती आधीच मिळालेली असेल, तर सोडण्याला अर्थ काय उरतो?

---

नास्तिक_नाना

धागा आवडला, विषय नावडला.

मोह सोडा हे सांगणारे कधी स्वतः सोडतात का, एवढंच बघायचं. देवळं, मठ, चर्च, सगळ्यांच्या नावावर जमिनी. भक्ताने सोडलं की ते कुठे जातं हे कुणी विचारत नाही. आणि तुमच्या भावाचं तर मला कौतुकच वाटलं. वैराग्याच्या नावाखाली कोटीचा सौदा!

प्रीतीबिती राहू द्या. बावखल बुजवलं तर शेजाऱ्यांच्या विहिरींचं काय होईल ते बघा. न विकायला तेवढं कारण पुरे आहे.

---

जुना_सेमिनारियन

नाना, जमिनीचं म्हणणं खोटं नाही. पण ‘सोडा’ म्हणजे सगळं देऊन टाका असा सरसकट अर्थ पहिल्या पिढीतही नव्हता. जक्कय या श्रीमंत जकातदाराने निम्मं दिलं आणि ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट फेडायचं कबूल केलं. येशूने त्याला उरलेलं निम्मंही विक म्हटलं नाही. मार्था-मरियेचं बेथानीतलं घर तसंच राहिलं, येशू तिथे उतरायचा. योहान्ना, सुसान्ना आणि आणखी काही बायका आपल्या पैशातून त्याचा आणि शिष्यांचा खर्च चालवत, हे लूकच्या आठव्या अध्यायात आहे. त्यांनी सगळं एका दिवसात वाटून टाकलं असतं तर ही मंडळी जेवली कुठे असती?

दुसऱ्या बाजूला अंतोनी आहे. साधारण २७० साली इजिप्तमधला हा तरुण चर्चमध्ये शिरतो आणि त्याच श्रीमंत माणसाचा उतारा मत्तयातून वाचला जात असतो. आईबाप नुकतेच गेलेले. वडिलोपार्जित ३०० अरुरा (इजिप्तमधलं जमिनीचं जुनं माप) सुपीक जमीन तो गावकऱ्यांना देऊन टाकतो, जंगम मालमत्ता विकून गरिबांना वाटतो, धाकट्या बहिणीसाठी थोडं राखून ठेवतो. पुढे ‘उद्याची चिंता करू नका’ हे ऐकून तेही देतो आणि बहिणीला व्रतस्थ कुमारिकांकडे सोपवून स्वतः तपाला बसतो. अलेक्झांड्रियाचा बिशप अथानासियसने त्याचं चरित्र लिहिलं आणि संन्यासी जीवनाची अख्खी परंपरा त्याच्याकडे बोट दाखवत उभी राहिली.

तुमच्या प्रश्नाला मात्र मला जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला जवळचा वाटतो. त्याच्या साधनेत एक चिंतन आहे. तीन तऱ्हेची माणसं. प्रत्येकाला दहा हजार डुकाट (सोन्याची नाणी) मिळालेत, ते निव्वळ देवाच्या प्रीतीपोटी मिळवलेले नाहीत, आणि मनाला टोचणी लागलीय. पहिल्याला आसक्ती सुटावी असं वाटतं, पण मरेपर्यंत तो काहीच करत नाही. दुसऱ्यालाही ती सुटायला हवी आहे, फक्त पैसे जवळच राहिले पाहिजेत. म्हणजे देवानेच त्याच्या बाजूला यायचं. तिसरा आसक्ती अशी सोडतो की पैसे ठेवायचे की द्यायचे याकडेही त्याचा ओढा राहत नाही. देवाच्या सेवेला काय बरं, ते बघून ठरवायचं. शेवटी त्याने ठेवले की दिले, हे इग्नेशियस सांगतच नाही. सेमिनरीत (धर्मगुरू होण्याचं शिक्षण घेत) असताना मला याचा राग यायचा. उत्तर द्या ना!

तर बावखल, वाडी विकलीत म्हणजे आसक्ती सुटली असं नाही, आणि राखलीत म्हणजे आसक्तीच आहे असंही नाही. तुमचा भाऊ मला दुसऱ्या वर्गातला वाटतो. तुम्ही कुठल्या, ते तुम्हीच बघा. :)

---

नगरची_माहेरवाशीण

अंतोनीच्या बहिणीला कुणी विचारलं होतं का? चरित्रात तिचं नावसुद्धा नाही.

माफ करा, पण सगळं सोडणाऱ्या पुरुषांच्या गोष्टी ऐकल्या की माझं लक्ष आधी घरातल्या बाईकडे जातं. मी नगरची. आमच्या चर्चच्या मंडळीत कवी रेव्हरंड टिळकांची पदं म्हणतच मी मोठी झाले, त्यामुळे ना. वा. टिळकांबद्दल मनात आदरच आहे. १० फेब्रुवारी १८९५ ला त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. जात, घरदार, नातीगोती, सगळ्यावर पाणी सोडलं. ख्रिस्तावरच्या प्रीतीसाठीच सोडलं, याबद्दल मला शंका नाही. पण हे काही त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना विचारून झालं नव्हतं. पुढची काही वर्षं त्या नातेवाइकांच्या आधाराने, लहानग्या मुलाला घेऊन, लोकांची बोलणी खात राहिल्या. त्याने सोडलं आणि भोगलं तिने. नंतर त्या स्वतः नगरला आल्या आणि १९०० मध्ये स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ हे लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र ज्यांनी वाचलंय त्यांना ठाऊक आहे, टिळकांच्या दानशूरपणाने घरात कशी तारांबळ उडायची हे ती बाई किती हसतहसत सांगते. ते हसू फुकट आलेलं नाही.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरीही सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही तिथे जागा होती. दोनच वर्षांनी, १९१९ मध्ये, ते गेले. या वेळी लक्ष्मीबाई बरोबर होत्या. १८९५ आणि १९१७ मध्ये मला हा मोठा फरक दिसतो.

आणि हे माझं मत नाही, येशूचंच आहे. मार्कचाच सातवा अध्याय काढा. कुर्बान. आईवडिलांना जे द्यायला हवं ते ‘देवाला वाहिलं’ म्हणायचं आणि हात झटकायचे. येशू यावर चांगलाच भडकतो. दुसऱ्याच्या तोंडचा घास देवाच्या नावाने सोडता येत नाही.

आता बावखल, तुमच्या पोस्टमध्ये तुम्ही आहात, भाऊ आहे, फादर आहेत, बिल्डर आहे, शेजाऱ्यांच्या विहिरी आहेत. तुम्हाला बहिणी नाहीत का?

---

सातबारा

वरचा प्रश्न योग्य आहे. व्यवसायाने वकील आहे, म्हणून थोडं कोरडं.

महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती कुटुंबाला वारसा हक्कासाठी भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ लागू होतो. मृत्युपत्र नसेल तर विधवेला एकतृतीयांश आणि उरलेलं मुलामुलींना समसमान. मुलगा-मुलगी भेद नाही, लग्न झालंय की नाही याचाही संबंध नाही. आई हयात असेल तर तिचा हिस्सा विसरू नका.

व्यवहारात काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. बहिणींकडून हक्कसोडपत्र घेतात, दुय्यम निबंधकाकडे नोंदवतात, फेरफार होतो आणि सातबाऱ्यावरून नावं जातात. ‘माहेर तुटायला नको’ म्हणून त्या सही करतात. आपल्या समाजात सर्वात जास्त ‘सोडणं’ निबंधक कार्यालयात चालतं आणि ते बहुतेक बायकाच करतात. त्यावर मी कधी प्रवचन ऐकलेलं नाही.

---

तुकोबांचा_टाळकरी

मी वारकरी घरातला. ख्रिस्ती धाग्यावर आगंतुकासारखा आलोय, पण राहवलं नाही.

तुकोबांची गोष्ट सगळ्यांना माहीत असते ती अशी, की सावकारीची खतं (कर्जाचे कागद) इंद्रायणीत बुडवली. पण परंपरेत त्याच्या अलीकडची एक गोष्ट आहे. धाकटा भाऊ कान्होबा म्हणाला, तुम्ही विरक्त झालात, मला संसार आहे. तेव्हा तुकोबांनी खतांच्या दोन वाटण्या केल्या. निम्मी कान्होबाला दिली आणि आपल्या वाट्याची तेवढी डोहात सोडली. भावाच्या वाट्याला हात लावला नाही, त्याला वैराग्याचा उपदेशही केला नाही.

खतं बुडवणं म्हणजे आपण सोडणं तर आहेच, पण ज्यांनी दुष्काळात कर्ज घेतलं होतं ती कुळंही मोकळी झाली. सोडल्याचा फायदा कुणाला झाला ते बघायला हवं. नानांना हे पटावं.

तुकोबांच्या बायकोबद्दल, जिजाईबद्दल, माहेरवाशीणताई बोलणारच आहेत, म्हणून आधीच हात जोडतो.

---

नगरची_माहेरवाशीण

जोडलेले हात मान्य. जिजाई भाकरी घेऊन डोंगर चढत होती, एवढंच म्हणते. 🙂

---

नास्तिक_नाना

कान्होबाची गोष्ट मला माहीत नव्हती. पटली. आपल्या वाट्याचं सोडा, दुसऱ्याचं सोडवू नका. यात देव नसला तरी चालतं.

पण सेमिनारियन साहेबांना एक विचारतो. सगळी सोय तुम्ही लोकांनी ‘मनातली आसक्ती’ या शब्दांत करून ठेवलीय. पैसे बँकेत, मन वैकुंठात. श्रीमंतांना याहून स्वस्त धर्म कुठे मिळेल?

---

जुना_सेमिनारियन

नाना, हा आक्षेप जुना आहे आणि वजनदार आहे. अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंट या ख्रिस्ती शिक्षकाने दुसऱ्या शतकाच्या अखेरीस नेमकं हेच मांडलं: फेकायची ती मनातली हाव, कारण सगळ्यांनीच सगळं टाकलं तर भुकेल्याला खाऊ कोण घालणार. युक्तिवाद बिनतोड आहे आणि गैरवापराला तितकाच सोयीचा. शहरातल्या सुखवस्तू ख्रिस्ती लोकांना तो आवडला असणार, यात नवल नाही.

पण त्याला चाप लावणारं वचनही आहे. योहानाचं पहिलं पत्र, तिसरा अध्याय: ज्याच्याजवळ ऐहिक साधनं आहेत आणि गरजू भाऊ दिसत असून जो आपलं अंतःकरण बंद करतो, त्याच्या ठायी देवाची प्रीती राहील कशी? म्हणजे मनातली आसक्ती सुटली की नाही हे मनात डोकावून कळत नाही. हाताकडे बघावं लागतं. समोर गरज उभी राहिल्यावर मूठ उघडते का?

आणि बावखल, तुमचा मूळ प्रश्न होता की प्रीती आधीच मिळालेली असेल तर सोडायचं कशाला. मला वाटतं, म्हणूनच सोडता येतं. वाडी गेली तर मी कोण, ही भीती असते तोवर माणूस वाडी धरूनही ठेवतो आणि विकतानाही भावाशी चौरस फुटावरून भांडतो. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायाच्या शेवटी पौल यादी देतो, मरण, जीवन, देवदूत, वर्तमान, भविष्य, उंची, खोली, यातलं काहीच देवाच्या प्रीतीपासून आपल्याला तोडू शकत नाही. त्या यादीत सातबारा घालून वाचा.

---

आगाशीची_सून

बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहिते.

संत मोनिकाची गोष्ट इथे हवी. संत ऑगस्टीन या थोर ख्रिस्ती विचारवंताची आई. आफ्रिकेत तागास्ते गावी नवऱ्याशेजारी पुरावं म्हणून तिने आपली जागा आधीच करून ठेवली होती, तिचा त्यात जीव होता. ३८७ साली मुलांबरोबर घरी परत निघालेली असताना रोमजवळ ओस्टियाला ती आजारी पडली. दुसरा मुलगा म्हणाला, परक्या मुलखात नको, आपल्या देशात मरण येवो. ती त्याच्याकडे रागाने बघून म्हणाली, हे शरीर कुठेही पुरा, त्याची काळजी करू नका, फक्त प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण ठेवा. तेव्हा तिला ५६ वं वर्ष चालू होतं. ऑगस्टीनने हे स्वतः लिहून ठेवलंय आणि आईची जुनी इच्छा सुटलेली पाहून आपल्याला आश्चर्य वाटलं असंही कबूल केलंय.

मला यातलं आवडतं ते हे, की तिला कुणी ‘सोड’ म्हटलं नव्हतं. उलट मुलगा धरून ठेव म्हणत होता.

आणि वाडीबद्दल. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी हरित वसईसाठी लढा दिला तेव्हा त्यांना कुणी मातीचा मोह सोडा म्हटलं असतं का? बिल्डरच्या दहशतीपुढे उभं राहिलेले धर्मगुरू होते ते. माती राखणं हेसुद्धा प्रीतीचं काम असू शकतं. आमच्या सासऱ्यांच्या वाडीतलं बावखल बुजलं. त्यावर आता पार्किंग आहे आणि पावसाळ्यात पाणी थेट ओट्यावर. मे महिन्यात टँकर. पूर्वी उन्हात राजेळी सुकवून सुकेळी करायचो, ती आता विकत आणतो.

---

बावखल

सगळ्यांचे आभार. नाना, तुमचेही.

माहेरवाशीणताईंचा प्रश्न झोंबला. दोन बहिणी आहेत, एक गिरिजला, एक पालघरला. आई हयात आहे. हक्कसोडपत्राचा मसुदा भावाकडे तयार आहे, सह्या अजून झालेल्या नाहीत.

काल संध्याकाळी लूकचा बारावा अध्याय काढला. कोठारं मोडून मोठी बांधणाऱ्या मूर्ख श्रीमंताचा दाखला सगळ्यांना पाठ असतो. पण येशू तो कशावरून सांगतो? गर्दीतला एक जण म्हणतो, गुरुजी, माझ्या भावाला सांगा, वतनाचा वाटा मला दे. येशू म्हणतो, मला तुमच्यावर न्यायाधीश किंवा वाटणी करणारा कुणी नेमलं? आणि मग, हावेपासून जपा. त्या माणसाची बाजू खरी होती की खोटी हे लूक सांगत नाही. मी हा अध्याय भावाला दाखवायला उघडला होता. वाचल्यावर दाखवावासा वाटला नाही.

टाळकरीबुवा, कान्होबाची गोष्ट मात्र भावाला सांगितली. तो म्हणाला, “म्हणजे माझा वाटा मला देणार ना?” म्हटलं, तुझा तुला. पण वाटे पाच आहेत.

---

सातबारा

आईचा एकतृतीयांश धरून पाच, बरोबर. म्हणजे उरलेल्या दोनतृतीयांशाचे चार भाग, प्रत्येकी एकषष्ठांश. बावखल कुणाच्या वाट्यात येतं यावर भांडण होईल, तेव्हा ते सामाईक ठेवण्याचा विचार करा. वाटणीपत्रात पाण्याचा हक्क आणि जायची वाट स्पष्ट लिहून घ्या. आळीतल्या विहिरींचाही त्यात फायदा आहे.

---

जुना_सेमिनारियन

त्याच दहाव्या अध्यायात, तो श्रीमंत गेल्यावर, शिष्य पेत्र म्हणतो आम्ही सगळं सोडलंय. येशू म्हणतो, घर, भाऊ, बहिणी, आई, बाप, मुलं, शेतं सोडणाऱ्याला शंभरपट मिळेल, आणि परत मिळणाऱ्यांची यादी देतो: घरं, भाऊ, बहिणी, आया, मुलं, शेतं, सोबत छळही. सोडलेल्यांत बाप आहे, मिळणाऱ्यांत नाही. पुष्कळांच्या मते नव्या घरात हुकूम चालवणारा बाप एकच, वरचा. मोठ्या भावांनी याची नोंद घ्यावी. 😀

---

बावखल

घेतली. :)

पास्काच्या (ईस्टरच्या) आधी चौघं भावंडं आणि आई बसणार आहोत. भाऊ तयार झालाय, पण बिल्डरला ‘नाही’ म्हणून कळवायला तयार नाही, ‘थांबा’ एवढंच कळवलंय. माझ्या वाट्यावर बांधकाम होणार नाही. भाऊ आपला वाटा विकणार असेल तर आधी आम्हाला विचारावं एवढी विनंती करणार आहे, त्याहून जास्त नाही. बहिणी जे ठरवतील ते. मोठीने फोनवर पहिलाच प्रश्न विचारला, “बावखलात अजून कमळं येतात का?”

---

नगरची_माहेरवाशीण

छान. बैठक माहेरच्याच घरी असणार. तेव्हा त्या दिवशीचं जेवण तुम्ही दोघा भावांनी बाहेरून मागवा. नाहीतर वाट्यांची चर्चा ओटीवर आणि बहिणी चुलीपाशी.